उसाचा चोथा

॥ श्री ॥
लोको शेड चाळ, भुसावळ
ता. १६ नोव्हेंबर १९५३

ती. अक्कास, धाकट्या ज्ञानूचा शि. सा. न. वि. वि.

हिकडं मी खुशाल हाय. कबनुरात तू, दाजी आन् पोरं खुशाल असाल, दाजींचे माग धडधडत असतील. दिवाळीला आलो न्हाय म्हणून रागावलीस ते कळलं. नोकरी अजून कच्ची हाय आन् साहेब म्हणतो, पक्की हुईस्तोवर रजेचं नाव काढायचं न्हाय. तू टोमणा मारलास की इचलकरंजीचा माग सोडला, कोल्हापुरात सिनेमाचे दिवे उचलायचं सोडलं, पुण्याचा साबणाचा कारखाना सोडला, आता भुसावळची गाडी कधी सुटणार. न्हाय सुटणार. इंजनाच्या पोटातली राख काढायचं काम हाय, रोज काळं तोंड करूनच खोलीवर यावं लागतं, पर पाय टिकलाय खरा.

आता मला कसला धक्का बसला ते सांगतो. आमच्या शेडात सयाजी म्हणून गडी हाय, साताऱ्याकडला. माझ्यापरास थोडा थोरला. कोळशाचं घमेलं एका हातानं उचलतो. परवा भाकरी खायला बसलो, त्यानं घास तोडला आन् चावता चावता थांबला. तोंडात बोटं घातली आन् दात भाईर काढला. आख्खा दात, मुळासकट! रगात न्हाय, बोंब न्हाय. तो दाताकडं बघतोय, आम्ही त्याच्याकडं बघतोय. म्हातारपणी दात पडत्यात हे ठाऊक हाय की. पर तिशीच्या गड्याचा, भाकरीच्या घासात?

मग आम्हा सगळ्यास्नी रेल्वेच्या दवाखान्यात दातांच्या डाक्टराम्होरं उभं केलं. त्यानं बारक्या सळईनं माझी हिरडी नुसती टोकरली तर रगात आलं. मी म्हटलं, दुखत तर काय न्हाय. त्यो म्हणाला की तीच गोम हाय, ह्यो आजार बोंबलत येत न्हाय, चोरपावलानं येतो. खाल्लेल्याचा बुळबुळीत थर दाताच्या आन् हिरडीच्या सांदीत बसतो. काढला न्हाय तर दगड हुतो. अक्का, इंजनाच्या जाळीवर जळक्या कोळशाचा असाच खंगर धरतो. मऊ हाय तवर ओढून काढता येतो, एकदा धरला की सळईनं फोडावा लागतो. तसंच दातांचं. पयल्यांदा हिरडी लाल हुती, फुगती, घासताना रगात येतं. तवाच जागं झालं तर हिरडी पुन्हा हुती तशी हुती. न्हायतर आतलं हाडूक झिजतं, आन् झिजलेलं हाडूक परत येत न्हाय. सयाजीचं तसं झालंय. माझं आत्ताशी सुरू हाय. माझे दात खरवडून दिले, सकाळी आन् झोपायच्या आधी मऊ ब्रशानं घासायला सांगितलं.

घरच्या बाया काय लावत्यात असं त्यानं इचारलं. तंबाखू तव्यावर जाळून मशेरी लावत्यात म्हटल्यावर त्यानं कपाळालाच हात लावला. म्हणून आपल्या उचगावच्या घरी माझ्या अंबूसाठी एक ब्रश पाठवलाय. आपल्या आळीतला कृष्णात माझ्या वशिल्यानं शेडात लागायला आलता, धूर बघूनच माघारी फिरला, त्याच्यासंगं दिलाय. मशेरी सोड आन् ह्येनं घास, असा निरोप हाय. तुझे काळे दात आठवत्यात, पर तुला सांगायची माझी छाती न्हाय.

दाजींस्नी नमस्कार, पोरांस्नी गोड पापा. धाकटा म्हणून धरलेली माया सोडू नको.
तुझा ज्ञानू

---

कबनूर
ता. २९ नोव्हेंबर १९५३

चि. ज्ञानूस, अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चांगला काळ्या तोंडाचा तू, आन् माझ्या दातांस्नी काळं म्हणतोस! ह्या दातांनी मी दाजींना सुद्धा चावून सरळ केलंय. मशेरी घेतल्याबिगर सकाळी मला माझं नाव आठवत न्हाय.

परवा उचगावला आईकडं जाऊन आले. तुझा ब्रश सगळ्या आळीनं बघितला. म्हाताऱ्या म्हणत्यात घोड्याला खरारा करायचा ह्यो. आईनं इचारलं कुठल्या जनावराचे केस हायत. पर ज्ञानू, एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली न्हाय. आई आन् अंबू सकाळी उंबऱ्यावर बसून एका तळहातावरची मशेरी लावायच्या. तेवढ्या वेळात सासू-सुना दोन शब्द बोलायच्या. म्हशीचं, शेजारणीचं, तुझं. आता अंबू ब्रश घेऊन गोठ्यामागं जाती. आईला वाटतंय, सुनेला आता आपल्या हातचं नको झालं. तोंडानं बोलली न्हाय, पर भांडी जरा जोरात आपटती.

मी अंबूला म्हटलं, आडोशाला कशाला जातीस, हितं बसून घास की. ती ब्रश पदरात लपवून गोठ्याकडं निघून गेली. लाजत असंल.

दाजी म्हणत्यात ज्ञानूला म्हणावं पक्का हो आधी, मग दात पक्के कर. हसून घे. थंडीत छाती झाकून काम कर. तुझी आठवण भाकरी थापताना येती, तेवढी तुलाबी येऊ दे.
अक्का

---

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
उचगाव
ता. १२ डिसेंबर १९५३

चि. ज्ञानू यास बायडाबाईचे अनेक आशीर्वाद. (हस्ते कृष्णात. काकी सांगतात तसेच लिहीत आहे.)

ज्ञानू, पत्र बसून वाच.

अंबूच्या थुकीतनं रगात पडतंय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गोठ्यामागं जाऊन थुकायची आन् वर पायानं माती लोटायची. किती दिस चाललंय देव जाणे. मी एकदा मागनं गेले आन् माती उकरून बघितली. लाल.

तुझी आत्या तुला आठवत नसंल. माझी नणंद. तीबी अशीच लपवायची, पदराचा डाग दावायची न्हाय. मी तिला चुलीजवळ हाताला धरून बसवायची. क्षय हाय हे कळलं तवा ती गेलीच, आन् तिच्या मागनं तिचं तान्हं गेलं. ते मी माझ्या हातांनी न्हेऊन मातीत ठेवलंय. आता ह्या घरात मी ते पुन्हा बघणार न्हाय.

अंबूचं अंथरूण भाईरच्या सोप्यात काढलं. पितळंची सोडून जर्मनची हलकी ताटली येगळी केली, तांब्या येगळा केला. रडली, म्हणाली दातातनं येतंय. तुझी आत्याबी म्हणायची, घशातनं येतंय. समदी असंच म्हणत्यात. तिच्या भावाला सांगावा धाडला, आजऱ्याहून तो गाडी घेऊन आला आन् तिला घेऊन गेला. ताटली आन् तांब्या तिच्या गठुड्यात बांधून दिला. घरात नको म्हणून. गाडी वळणाआड हुईस्तोवर मी दारात हुते, पर हाक मारली न्हाय.

तुझा हंबीरराव मामा म्हणतो की ज्ञानू अजून पोरगा हाय, त्याचं आयुष्य का जाळायचं. शिवरात्रीच्या आत काडीमोड करून घ्यावी. मामाच्या मेव्हण्याची पोरगी हाय, धडधाकट हाय. तू रजा काढून ये. मला इरोध करू नको. माझा काय जीव नव्हता का तिच्यात?

शेडात धुरात तोंड घालू नको. अंगाला जप, आईला इसरू नको.
बायडाबाई (अंगठा)

ता. क. ज्ञानू, काकींनी सांगितले म्हणून लिहिले, माझ्यावर रागावू नकोस. कृष्णात.

---

भुसावळ
ता. १७ डिसेंबर १९५३

ती. अक्कास, ज्ञानूचा शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र शेडातच वाचलं. तिनं बसून वाच म्हटलं हुतं म्हणून मी खरंच बसलो, पर बसलो ते रुळावर. इंजन मागं येत हुतं. सयाजीनं बकोटीला धरून उठवलं न्हायतर हे पत्र आलं नसतं.

अक्का, हे काय चाललंय? तू तिथनं सात-आठ कोसांवर आन् तुला पत्ता न्हाय? अंबूला ताटली बांधून दिली! माझ्या बायकूला! आन् मामानं पोरगीबी हुडकली! मेलेल्या म्हशीचं कातडं निघायच्या आधी नव्या म्हशीचं दावं बांधत्यात काय कुणी?

मग रागानं भिताडावर डोकं आपटलं तवा डोस्क्यात उजेड पडला. ते रगात छातीतलं न्हाय. हिरडीतलं हाय. माझ्याच ब्रशानं ते दिसायला लागलं. डाक्टरानं मला सांगितलं हुतं की सुजलेल्या हिरडीवर पयले काही दिस ब्रश लावला की जास्तीच रगात येतं, भ्यायचं न्हाय, तिथंच हळू हातानं घासायचं, दाताचं कीटण निघालं की आपसूक थांबतं. आन् दुसरं असं की तंबाखू हिरडीला दाबून ठेवती. आत सूज असली तरी रगात दिसू देत न्हाय. तंबाखू सुटली की हिरडी खरं बोलायला लागती. मी कृष्णातासंगं निरोप काय धाडला? मशेरी सोड आन् ह्येनं घास. एवढाच! पुढलं सांगायचं ऱ्हाऊन गेलं. बिचारीला रगात दिसलं, ती घाबरली, माती लोटत बसली, आन् आईला त्या मातीत आत्या दिसली.

पर अक्का, आता सांगताना माझीच जीभ अडखळती. मी काय डाक्टर न्हाय. मी चौथीत शाळा सोडलेला राख काढणारा. माझं चुकत असंल तर? म्हणून तू आजऱ्याला जा. तिला खोकला हाय का, संध्याकाळी अंग तापतं का, वाळलीया का, ते बघ. कोल्हापुरात न्हेऊन छाती दाखव आन् मग तोंड दाखव. छातीत काय निघालं तरी मला कळव. तरीबी मी तिला सोडणार न्हाय, पर कळव.

मी आज साहेबाकडं गेलतो. म्हणाला गेलास तर परत येऊ नको. मी नोकरी लाथाडून निघणारच हुतो, सयाजीनं वाट आडवली. म्हणाला की बिननोकरीचा नवरा घेऊन ती पोरगी काय करणार. म्हणून थांबलोय, पर पाय थांबत न्हाईत.

तुझ्याबिगर तिकडं माझं कुणी न्हाय. एवढं कर, मग जल्मभर टोमणे मार.
ज्ञानू

---

कबनूर
ता. ४ जानेवारी १९५४

चि. ज्ञानूस, अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी मुद्द्याचं. अंबूची छाती साफ हाय. आता श्वास सोड आन् पुढं वाच.

दाजींना पोरं संभाळायला सांगून मोटारीनं आजऱ्याला गेले. तिथं भाताची मळणी चाललेली. सगळं घर खळ्यावर, आन् अंबू परड्यात एकटी, कोंबड्या राखायला बसवलेली. मला वाटलं, माहेरी तरी मायेनं ठेवली असंल. तिची आई भाकरी घेऊन आली, लांबनंच वाकली आन् त्या जर्मनच्या ताटलीत टाकली. आपल्या आईनं बांधून दिलेल्याच. ज्ञानू, मी दोन पोरांची आई हाय, पर पोटच्या पोरीला असं वाढताना कधी कुणाला बघितलं नव्हतं. त्या बाईचे डोळे सुजून लाल झालते. भ्याच तसलं, त्याला ती तरी काय करणार?

मी अंबूजवळ बसले तर ती मागं सरली. मला म्हणाली की अक्का, मला खोकला न्हाय, ताप न्हाय, भूक दांडगी हाय. पर मला कुणी इचारलंच न्हाय, माझ्या थुकीला इचारलं. तुझा ब्रश तिनं वळचणीला खोचून ठेवलाय. त्याचं तोंड बघायचं न्हाय म्हणती. बोटानं राख लावती, आन् जिथनं रगात येतं ती जागा सोडून घासती. मी म्हटलं, अगं तीच जागा घासायची असती म्हणं. ती तुझ्यावर अशी भडकली म्हणतोस! म्हणाली, म्हणायला काय जातंय त्यास्नी, लांब बसून. ऐकून घेतलं मी तुझ्या वतीनं.

तिला घेऊन कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात गेले. छातीचा फोटो काढला, थुकी तपासली. मोठा डाक्टर म्हणाला की हिच्या छातीत काय न्हाय, तोंड बघा. मग दातांच्या डाक्टराकडं. त्यानं आरसा घालून बघितलं आन् अंबूला दाखवलं. खालच्या दातांच्या मुळाशी पिवळा दगड धरलेला, वर हिरडी जांभळाएवढी फुगलेली. त्यानं बारीक हत्यारानं ते सगळं खरवडून काढलं. त्या दगडाचा बारका तुकडा मला हातावर दिला. तोंडात असला खडा घेऊन माणूस हिंडतं!

तो म्हणाला की अगदी वेळेवर आलीस पोरी, हाडाला अजून धक्का न्हाय. ब्रश हिरडीकडं तिरका धरून हळू फिरवायचा, रगडायचा न्हाय, आतल्या बाजूनंबी, दोन्ही येळा. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ. मशेरी, राखुंडी बंद. आन् वरीस-सहा म्हैन्यानं येऊन कीटण काढून घ्यायचं. वळचणीचा ब्रश मी संगं आणलाच हुता, तिला चार दिस माझ्याकडं ठेवून घेतली आन् त्यानंच घासायला लावलं. पयल्या दिवशी रगात, मग कमी, मग नुसती लाळ. अंबू थुकायची आन् वाकून बघत ऱ्हायची, जणू हरवलेलं सापडलंय.

आता हसू नको. त्या डाक्टरानं जाता जाता मला म्हटलं, बाई तुम्हीबी बसा. मी बसले. त्यानं काय बघितलं ते तुला सांगणार न्हाय. पर माझी मशेरीची डबी आता दाजींच्या खिळ्या-स्क्रूंस्नी दिलीया.

तुला वाटत असंल आता सगळं मिटलं. न्हाय मिटलं. फोटो घेऊन आईकडं गेले. तिनं उजेडाकडं धरून बघितला आन् म्हणाली की ह्यात नुसत्या बरगड्या हायत, माझ्या नणंदेच्याबी बरगड्याच दिसायच्या. मामा म्हणाला, आज न्हाय दिसलं, उद्या दिसंल. दातातनं एवढं रगात येत असतं तर आम्हा सगळ्यांस्नी आलं नसतं काय? ह्यावर आई म्हणाली की व्हय, मला कधी आलं न्हाय. मी बोलून बोलून दमले. अंबूला पुन्हा आजऱ्याला पोचवून आले. शिवरात्रीची मुदत तशीच हाय.

आता काय ते तू बघ. तुझ्या वहाणा जशा टिकत न्हाईत तशी माझी जीभबी आता टिकत न्हाय. जपून ऱ्हा.
अक्का

---

भुसावळ
ता. ९ जानेवारी १९५४

ती. आईस, ज्ञानूचा शि. सा. न. वि. वि. (कृष्णाता, एक अक्षर गाळू नको. वाचताना मामाला समोर बसव.)

आई, तू मला रजा काढून बोलवलंस. मी येत न्हाय. मी तिथं आलो की मामा बोलंल, मी बोलंन, तू रडशील, आन् कुणाचंच खरं हुणार न्हाय. म्हणून एक पैज मांडतो.

तू म्हणतीस तुला कधी रगात आलं न्हाय. माझं म्हणणं, येतंय, पर मशेरी त्याला दाबती, आन् जे थोडं येतं ते काळ्या थुकीत मिसळतं. काळ्यात लाल कुणाला दिसंल? तर तू आठ-पंधरा दिस मशेरी सोड. नुसत्या पाण्यानं चूळ भर. मामाचं गुऱ्हाळ सुरू हायच. तिथं जा, सगळ्यांम्होरं उसाची कांडी दातानं सोलून खा, आन् चोथा हातावर थुक. उसाचा चोथा दुधावानी पांढरा असतो, त्याला लबाडी ठाऊक न्हाय.

चोथा पांढरा निघाला तर मी चुकलो. मग मामा कागद धाडंल त्याच्यावर अंगठा न्हवं, चांगली सही करून देतो. लाल निघाला तर तू सांग, काय करायचं ते.

आई, आत्याचं दुख मी थट्टेवारी न्हेत न्हाय. तू भ्यालीस ते आमच्यासाठीच. पर अंबू आत्या न्हाय. तिची गत तरी इचारायची हुतीस.

तुझा, अजून तुझाच,
ज्ञानू

---

(कार्ड)
कबनूर, ता. १८ जानेवारी १९५४

चि. ज्ञानूस आशीर्वाद. अरे येड्या, बायकू काय कुस्तीचा नारळ हाय, मैदानात लावायला? चोथा पांढरा निघाला तर? डाक्टरानं तुझं तोंड बघितलं, आईचं न्हवं! आईनं पत्र ऐकलं. उठून मशेरीचा तवा धुऊन माळ्यावर टाकला. डोस्कं धरून बसती, सगळ्यांवर खेकसती, पर तंबाखूला शिवत न्हाय. तुझ्यापरास तीच जास्ती हट्टी. अंबूला पैजेचं सांगितलं न्हाय आन् सांगणारबी न्हाय. देवाला हात जोड, आन् मला वाईट बोलले म्हणून दूर करू नको. अक्का.

---

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
उचगाव
ता. ३ फेब्रुवारी १९५४

चि. ज्ञानू यास बायडाबाईचे अनेक आशीर्वाद. (हस्ते कृष्णात. या वेळीही काकींनी सांगितले की सुधारून लिहू नकोस, मी बोलते तसेच जाऊ दे.)

तुझी पैज मी घेतली ती रागानं घेतली. पोरगं आईच्या तोंडाची झडती घेतंय, म्हटलं दावूच ह्याला. मशेरी सुटल्यावर पयले दिस डोस्कं फुटायची पाळी आली, हात आपसूक डबीकडं जायचा. दात हलत्यात हे मला आधीच ठाऊक हुतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. वयाला धरून हाय म्हणायची.

आठ दिसामागं गुऱ्हाळावर गेले. काहिलीत रस उकळत हुता, मळी काढायचं चाललं हुतं, अक्काबी आलती. मामानं मला चांगली जाड, मऊ पुंड्या उसाची कांडी निवडून दिली आन् मोठ्यानं म्हणाला, खा ताई, आन् तुझ्या ल्योकाला दाखव. गडी, गूळ करणारा गुळव्या, समदी बघायला लागली. मी एका बाजूनं सोलली, चावली, रस गिळला, आन् चोथा हातावर काढला.

ज्ञानू, लाल. कुंकवाचं बोट पुसावं तसा लाल. मी हात झटकला, दुसरी कांडी घेतली. पुन्हा लाल. मला वाटलं तोच क्षय माझ्या आंगातनं भाईर आला. नणंदेच्या पदरावर हुतं ते माझ्या तळहातावर! अक्का धावत आली, मला म्हणाली, आई भिऊ नको, हिरडीतलं हाय. तवा मला कळलं की हेच अंबू बोंबलून सांगत हुती.

मामा म्हणाला की उसाचं कुसळ टोचलं असंल. अक्कानं त्याच्या हातातल्या कांडीकडं बोट केलं. बोलता बोलता तोबी चावत हुता की. त्यानं चोथा थुकला, त्याच्याबी चोथ्यावर लाल, गालात तंबाखू ठेवतो त्याच बाजूला. मग गडी लागले आपापले चोथे बघायला. गुळव्याचा लाल, बैल हाकणाऱ्याचा लाल. काहिलीखालचं जळण ओढायला कुणाचं ध्यान न्हाय. मामा तोंडात बोट घालून उभा, जणू दात चोरीला गेले. मी त्याला इचारलं की अरे हंबीरा, अंबूला तर माहेरी धाडली. आता मला कुठल्या माहेरी धाडतोस? आईबाप तर कवाच गेले. का साऱ्या उचगावाची काडीमोड करतोस? त्यानं हातातली कांडी टाकून दिली. मेव्हण्याला न्हाय म्हणून कळवलंय.

अक्का मला कोल्हापूरला त्या डाक्टराकडं घेऊन गेली. पुढचे चार दात जायचेच, मूळ उघडं पडलंय. बाकीचे घासत ऱ्हायले तर ऱ्हातील म्हणाला. एवढी वर्सं मी ज्याला दात बळकट करायचं औषध म्हटलं त्यानं माझ्या तोंडात आग लावून वर राख लोटून ठेवली हुती.

मग आजऱ्याला गेले. एकटीच गेले, अक्का येते म्हणाली तर तिला नको म्हटलं. विहीणबाईंनी पाणी दिलं. अंबूनं पाया पडायच्या ऐवजी लांबनं हात जोडले. मी सगळं सांगितलं. ऊस, चोथा, माझं रगात, समदं. ती ऐकत हुती, तांदूळ निवडत हुती, मान वर न्हाय.

जेवायची येळ झाली. सगळ्यांस्नी पितळंची ताटं मांडली. माझ्याम्होरं अंबूनं ती जर्मनची ताटली आणून ठेवली, आन् शेजारी तो तांब्या. मीच बांधून दिलेला. विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. तिच्या भावानं उठून ताटली उचलायला हात घातला. मी त्याचा हात धरला. त्या ताटलीत जेवले, ज्ञानू. भात आन् कुळथाचं माडगं हुतं. त्या ताटलीला पोचा हाय, घास गोळा करताना बोटाला लागतो. तिला तो रोज लागला असंल.

जेवण झालं. अंबूनं ती ताटली उचलली, परड्यात गेली, मूठभर कण्या टाकल्या आन् कोंबड्यांम्होरं ठेवली. आत आली, वळचणीचा ब्रश काढला, गठुड्यात बांधला, आन् म्हणाली की चला, गाडी चुकंल.

अजून माझ्याशी धड बोलत न्हाय. पर सकाळी मिठाचं पाणी कोमट करून दोन तांबे भरती, एक तिचा आन् एक माझा, आन् उंबऱ्यावर माझ्या शेजारी येऊन बसती. मी रगडून घासते म्हणून काल तिनं माझं मनगट धरून हळू फिरवून दाखवलं.

मला ब्रश अक्कानं आणून दिलाय. त्याचे केस राठ हायत. तुझ्या डाक्टराला इचारून मऊ केसांचा एक धाड, जनावर कुठलं का असंना. आन् एक हंबीराला धाड, तो मागायला लाजतोय.

पक्का झालास की ये. तवर आमच्या दोघींवर लोभ ठेव, तिच्यावर जरा जास्ती.
बायडाबाई (अंगठा)